केव्हिनला विसरलं कोण?

डिसेंबरातला एक शनिवार आमच्या ग्रुपचा 'होम अलोन' डे असतो. कधीपासून, कोणी ठरवलं, कोणालाच आठवत नाही. ज्याच्या घरी टीव्ही मोठा त्याच्याकडे जमायचं, पिझ्झा मागवायचा (नुसता चीजवाला, कारण केव्हिनला तोच लागतो!) आणि पाठ झालेले डायलॉग पडद्यावरच्या माणसाच्या आधी आपणच म्हणायचे. लहानपणी केबलवर जाहिरातींसकट इतक्या वेळा पाहिलाय की आता पिक्चर हे फक्त निमित्त. खरी मजा नंतरच्या वादावादीत.

यंदाचा वाद मात्र पिक्चर संपायच्या आतच पेटला.

तो सीन तुम्हाला आठवत असेल. विमान अटलांटिकवर आहे. आईबाबा फर्स्ट क्लासमध्ये, पोरंटोरं मागे. आईला राहून राहून वाटतंय की आपण काहीतरी विसरलोय. कॉफीचं मशीन? दारं? गॅरेज? आणि मग ती एकदम ताठ होते आणि किंचाळते, ''केव्हिन!''

तोंडात पिझ्झा कोंबलेला आमचा टेस्टिंगवाला म्हणाला, ''कसली आई आहे यार ही!''

दरवर्षी कोणीतरी म्हणतंच हे. दरवर्षी आम्ही हसतो. यंदा जिच्या घरी जमलो होतो त्या मैत्रिणीचा साडेतीन वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत नुकता झोपला होता. ती हसली नाही. हळूच म्हणाली, ''आणि बाप? बाप काय डिकीत बसला होता?''

बाप शेजारच्या सीटवर होता, हे सांगायची हिंमत कोणी केली नाही.

ज्यांनी अजून पाहिला नाही (असे लोक आहेत, माझ्या ऑफिसात दोन आहेत) त्यांच्यासाठी थोडक्यात. शिकागोच्या उपनगरातलं मॅकॅलिस्टर कुटुंब नाताळसाठी पॅरिसला निघालंय. काका, काकू, चुलत भावंडं धरून पंधरा माणसं. आठ वर्षांचा केव्हिन आदल्या रात्री भांडण करतो, शिक्षा म्हणून माळ्यावरच्या खोलीत झोपायला जातो, आणि सकाळच्या गडबडीत सगळे त्याला विसरून निघून जातात. मग रिकामं घर, आइस्क्रीम, बाबांचं आफ्टरशेव्ह, दोन चोर, आणि त्या चोरांची त्याने केलेली भन्नाट धुलाई. लेखन जॉन ह्यूज यांचं, दिग्दर्शन ख्रिस कोलंबस यांचं, संगीत जॉन विल्यम्स यांचं. केव्हिन झाला मॅकॉले कल्किन, तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा.

या पिक्चरबद्दल लोकांचं एकमत पहिल्या दिवसापासून नाही. आधी तर तो होणारच नव्हता. बजेट वाढतंय म्हणून वॉर्नर ब्रदर्सनी हात काढून घेतला आणि ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सने तो उचलला. खर्च साधारण १ कोटी ८० लाख डॉलर. नोव्हेंबर १९९० मध्ये लागला आणि अमेरिकेच्या बॉक्स ऑफिसवर सलग १२ वीकएण्ड पहिल्या नंबरवर बसून राहिला. नाताळ गेला, नवं वर्ष लागलं, फेब्रुवारी उजाडला, तरी लोक नाताळचा पिक्चर बघतच होते! जगभरची कमाई ४७ कोटी डॉलरच्या वर गेली. ज्यांनी तो सोडला त्यांच्या ऑफिसात त्या वर्षी अप्रेझल कसं झालं असेल, याचा विचार मी नेहमी करते.

आणि समीक्षक? शिकागोचेच रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी अडीच स्टार दिले. पोरगा गोड आहे, काम झकास करतो, पण गोष्ट इतकी अशक्य आहे की त्याची काळजी तरी कशी वाटावी, अशी त्यांची तक्रार होती. चोरांसाठी लावलेले सापळे उभे करायला आठ वर्षांच्या मुलाकडे बक्कळ पैसा आणि सिनेमावाल्यांची अख्खी टीम हवी, हेही त्यांनी सुनावलं. त्याच काळात थेटरातून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना मार्क द्यायला सांगितले, तेव्हा त्यांनी सरळ 'ए' ग्रेड दिली.

आता तुम्ही म्हणाल, पब्लिकला काय, दोन चोर धडपडले की पब्लिक खूष. पण ईबर्ट यांच्या मुद्द्यावर आमच्या ग्रुपने एक अख्खी संध्याकाळ घालवलीय आणि माझं मत असं आहे की सापळ्यांच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहेत. विसरण्याच्या बाबतीत नाहीत. पोरगा मागे कसा राहिला, हे ह्यूज यांनी जेवढं घोटून लिहिलंय तेवढं आमच्या कंपनीतला कुठलाही प्रोजेक्ट प्लॅन घोटलेला नसतो.

बघा. रात्री वारा सुटतो, फांदी पडते, वीज जाते, घड्याळांचे गजर बोंबलतात. त्यामुळे सगळे उशिरा उठतात. फोनच्या लाइनीही गेल्यात, म्हणून नंतर घरी फोन लागत नाही. गाडीत बसताना थोरली चुलत बहीण डोकी मोजते, तेव्हा शेजारचा एक आगाऊ मुलगा सामानात डोकं खुपसून उभा असतो. तिच्या हिशेबात पाठमोरा तोच केव्हिन! अकरा पोरं हवीत, अकरा भरली. बरं, विमानतळावर एक तिकीट जास्त उरलं असतं तरी कळलं असतं. तर तेही उरत नाही. का उरत नाही, तिथेच यंदाची गंमत आहे.

''बाप काय डिकीत'' नंतर दोन मिनिटं शांतता होती. मग मैत्रिणीचा नवरा, जो एरवी आमच्या या शनिवारी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसतो, म्हणाला, ''जरा मागे घे ना. पिझ्झाचा सीन.''

घेतला मागे. केव्हिनचं थोरल्या भावाशी वाजतं, तो त्याला धडक देतो, दुधाचे ग्लास ओट्यावर सांडतात, पासपोर्ट-तिकिटं भिजतात. एकच कल्ला. पेपर नॅपकिनचे गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन दूध टिपलं जातं. आणि कॅमेरा एक क्षणभर कचऱ्याच्या डब्यावर जातो. ओल्या नॅपकिनांबरोबर आत पडतं एक तिकीट. त्यावर केव्हिनचं नाव.

''थांबव,'' तो म्हणाला. ''पुन्हा. हात कोणाचा आहे?''

हात बापाचा.

मी हा पिक्चर निदान वीस वेळा पाहिला असेल. टेस्टिंगवाल्याने तर दुप्पट, आणि त्याचा तर धंदाच चुका शोधायचा! आम्हाला आई किंचाळलेली पाठ होती. बापाने तिकीट कचऱ्यात टाकलेलं एकालाही आठवत नव्हतं. याच गृहस्थांनी उरलेली तिकिटं आणि पासपोर्ट वाळवायला मायक्रोवेव्हमध्ये ठेवलेले असतात, आणि सकाळी बायकोने विचारल्यावर ते सांगतातही. तरी तिकिटं किती उरलीत हे मोजावं असं दोघांपैकी एकालाही वाटत नाही. म्हणजे चूक दोघांची. बोंब मात्र वर्षानुवर्षं एकटीच्या नावाने.

मैत्रीण तेव्हा जे बोलली ते मी इथे लिहू का, असं तिला विचारलं. म्हणाली, लिही, नाव नको. तिच्या मुलाच्या पाळणाघराच्या फॉर्मवर दोन नंबर आहेत. पहिला नवऱ्याचा, कारण त्याचं ऑफिस दहा मिनिटांवर. पोराला ताप आला, पोराने कोणाला चावलं, पोराचा डबा सांडला, की फोन येतो तो दुसऱ्या नंबरवर. तिला. दर वेळी. मीटिंगमधून उठून ती नवऱ्याला फोन करते आणि मग तो जातो. ''तो जातो गं,'' ती म्हणाली, ''नाही म्हणत नाही कधी. पण विसरले तर मीच विसरणार ना? लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे विसरायचंही माझ्याकडेच.''

लॅपटॉप तोपर्यंत बंद झाला होता.

या पिक्चरबद्दल लोक काय काय बोलतात याची मला तशी आधीपासून हौस. मॅकॅलिस्टर लोकांकडे एवढा पैसा येतो कुठून, हा अमेरिकेतला लाडका वाद. तो इतका रंगला की डिसेंबर २०२३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने चक्क शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या अर्थतज्ज्ञांना गाठलं. उत्तर आलं, वरचे एक टक्का, तेव्हाही आणि आताही. विनेटका गावातलं ते खरं घर २०२४ मध्ये विकायला काढलं तेव्हा मागितलेली किंमत होती ५२ लाख ५० हजार डॉलर. मी रुपयांत हिशेब केला आणि लगेच कॅल्क्युलेटर बंद केला. दुसरा वाद मारहाणीचा. इस्त्री तोंडावर पडली, टाळूला आग लागली, रंगाचे डबे थोबाडावर आदळले. डॉक्टर मंडळी हिशेब मांडून सांगतात की हे चोर तिसऱ्या सापळ्यानंतर उठायलाच नको होते. बरं मग? टॉम अँड जेरी बघताना आपण एक्सरे मागवतो का? डॅनियल स्टर्नच्या तोंडावर फिरणारा तो कोळी मात्र खराखुरा होता. एक्सरे काढायचाच तर तिथे त्याच्या काळजाचा काढा!

मारहाणीला हसायचं असेल तर मार खाणारा कोण हे मात्र ठरलेलं लागतं. २०२१ मध्ये 'होम स्वीट होम अलोन' आला तेव्हा हे फार नीट कळलं. तिथे घुसखोर म्हणून येतं एक साधं नवरा-बायकोचं जोडपं. घर विकायची वेळ आलीय, एक महागडी बाहुली या पोराने चोरली असा त्यांचा गैरसमज झालाय, आणि ती मिळाली तर घर वाचेल या आशेवर ते येतात. त्यांना पोरगा बदडतो आणि आपण हसायचं! लोकांनी आणि समीक्षकांनी मिळून, एकदाचं एकमत करून, तो पिक्चर आडवा केला. ईएमआयवाल्या माणसाला बिलियर्डचे चेंडू मारलेले आपल्याला बघवत नाहीत हो. जो पेशी आणि डॅनियल स्टर्न यांचे चोर आळीतली सगळी घरं फोडत सुटलेत आणि वर प्रत्येक घरात नळ सोडून पाणी भरून ठेवतात, ते नुसत्या हौसेपायी. त्यांना इस्त्री बसली तर शिट्टीच वाजवायची.

बाकी प्रेमाच्या बाबतीत पोलंडचा हात कोणी धरू शकत नाही. तिथे हा पिक्चर 'केव्हिन एकटा घरी' अशा अर्थाच्या नावाने दर नाताळात टीव्हीवर असतो. २०१० साली पोलसॅट वाहिनीने, यंदा नको, असं ठरवलं तर फेसबुकवर ९० हजारांहून जास्त लोक निषेधाला उभे राहिले. वाहिनीने गुपचूप केव्हिनला परत आणलं. अमेरिकेने थोडा वेळ घेतला, पण २०२३ मध्ये तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनेही जपून ठेवायच्या सिनेमांच्या यादीत त्याला घातलं. तोवर अडीच स्टार कोण मोजतंय!

असो. आपण कुठे होतो? आई.

लहानपणी आईचे सीन आले की मी पाणी प्यायला उठायचे. सापळे कधी येतात याची घाई. आता उलटं झालंय. सापळे सुरू झाले की मी मोबाइल बघते, आणि आई दिसली की ठेवून देते. कॅथरिन ओ'हाराने ही बाई काय केलीय! पॅरिसहून पोलिसांना फोन लावते तर या विभागातून त्या विभागात, त्यातून पुन्हा पहिल्या विभागात. सरकारी फोनचं हे सुख सातासमुद्रापारही सेम टू सेम. शेवटी एक पोलीस घरी जाऊन दार वाजवतो, घाबरलेला केव्हिन उघडत नाही, आणि पोलीस वायरलेसवर कळवतो की घरात कोणी नाही, त्यांना म्हणावं पोरं पुन्हा मोजा. सगळं कुटुंब काकांच्या पॅरिसमधल्या घरी जातं. परतीच्या विमानात जागा थेट शुक्रवारी सकाळी. नवरा, दीर, पोरं, सगळे शुक्रवारची वाट बघतात. ती बघत नाही. विमानतळावर एका म्हाताऱ्या बाईला कानातली, घड्याळ, काय काय देऊ करून तिची सीट मिळवते. पॅरिसहून डॅलस, डॅलसहून स्क्रॅन्टन. तिथे अडकते. काउंटरवरच्या माणसाला ती ज्या आवाजात सांगते की मला माझ्या मुलाकडे जायचंय, तो आवाज ऐकून यंदा आमच्यातलं कोणी डायलॉग आधी म्हणालं नाही.

तिथून तिला गाडीत घेतो तो जॉन कॅन्डी, पोल्का वाजवणाऱ्या एका बँडचा म्होरक्या. त्याने त्याचं सगळं काम एका दिवसात उरकलं होतं आणि अख्ख्या पिक्चरमधला सगळ्यात प्रेमळ माणूस तोच आहे. ती रडत म्हणते, मी वाईट आई आहे. तर हा तिला धीर द्यायला सांगतो की आम्ही एकदा पोराला अंत्यविधीच्या ठिकाणी दिवसभर विसरलो होतो, मयताबरोबर! म्हणजे पिक्चरमध्ये पोरगं विसरलेला एक बाप आहेच. फरक एवढाच की तो ते किस्सा म्हणून सांगतो.

शेजारच्या म्हाताऱ्याचं नाव यात न घेणं बरोबर होणार नाही. ज्याला सगळी पोरं खुनी समजतात तो मार्ली. चर्चमध्ये केव्हिनच्या शेजारी येऊन बसतो आणि सांगतो की मुलाशी भांडण झालंय, वर्षानुवर्षं बोलणं नाही, नातीचं गाणं ऐकायला असं लपून यावं लागतं. आठ वर्षांचा केव्हिन म्हणतो, फोन करा की. आमच्यातला एकजण या सीनला न चुकता गॅलरीत जातो. त्याचं घरी काय चाललंय आम्हाला ठाऊक आहे. आम्ही विचारत नाही, त्याच्यासाठी पिझ्झाचा एक तुकडा ठेवतो.

आणि मग शेवट. नाताळची सकाळ, बर्फ, ती दारात. केव्हिन जिन्यावरून बघतो. ती सॉरी म्हणते. मिठी वगैरे. बर्‍याच जणांच्या डोक्यात पिक्चर इथेच संपतो, पण तो इथे संपत नाही. मिनिटभरात दार पुन्हा उघडतं आणि बाकीचं अख्खं खानदान आत येतं. बाबा, भावंडं, बॅगा. ती थक्क होऊन विचारते, तुम्ही कसे काय पोचलात? नवरा सांगतो, सकाळचं विमान घेतलं, तू ज्याची वाट बघायला तयार नव्हतीस तेच.

कानातली, डॅलस, स्क्रॅन्टन, बँडवाल्यांची गाडी, रात्रभराचा प्रवास, आणि कमावलं काय, तर दोन-चार मिनिटं. हा पिक्चरमधला सगळ्यात क्रूर विनोद आहे आणि तो चोरांवर केलेलाच नाही. लहानपणी मला तो कळलाही नव्हता.

टेस्टिंगवाल्याला मात्र यंदा तो कळला, आणि कळल्या कळल्या त्याने बग रिपोर्ट केला. ''म्हणजे ती पण तिथेच थांबली असती तर चाललं असतं की! त्याच वेळेला पोचली असती. एवढी वणवण फुकट.''

आतून रडण्याचा आवाज आला. आमच्या हसण्याने पोरगा जागा झाला असणार. मैत्रीण उठायला लागली, तोवर नवरा उठून आत गेला होता. ती पुन्हा बसली. तरी मान आतल्या दाराकडेच.

''थांबून बघ कधीतरी,'' ती टेस्टिंगवाल्याला म्हणाली.

त्याने यावर काही म्हटलं नाही. पुढच्या वर्षीचा शनिवार त्याच्या घरी ठरलाय. पिझ्झा त्याच्याकडून. आणि खाली उतरल्यावर, दोन कॅबमध्ये बसायच्या आधी, त्याने आमची सगळ्यांची डोकी दोनदा मोजली.